मे आय गो, बाई?

बँकेत मॅनेजरच्या केबिनच्या दारात एक गृहस्थ अदबीनं म्हणाले, "कॅन आय कम इन, मॅडम?" आणि मागच्या बाकावरून मी खणखणीत ओरडलो, "मे!" सगळी बँक वळून माझ्याकडे बघायला लागली.

दोष माझा नाही, आमच्या इंग्रजीच्या बाईंचा. परवानगी मागताना कॅन म्हणणाऱ्याला त्या दारातच उभं ठेवत. मे म्हटलं, की मान डोलवून म्हणत, "यू मे!" ते ऐकल्याशिवाय आमचं पाऊल उचलत नसे.

त्यांच्या शेवटच्या आजारपणात भेटायला गेलो. घरात दुसरं कुणीच नव्हतं. निघताना गंमत म्हणून दारात उभा राहिलो, शाळेतल्यासारखा हात पुढे केला आणि विचारलं, "मे आय गो, बाई?" बाई हसल्या नाहीत. नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला पाचची बस गाठायची होती, मी निघालो. चार दिवसांनी बाई गेल्या.

तेव्हापासून कुठूनही बाहेर पडताना माझा पाय उंबऱ्याशी अडतो. पाठीमागे कुणीतरी अजून बघत असतं.

बँकेतलं माझं काम पाच मिनिटांत झालं, तरी मी केबिनच्या दारात थबकलो.

"अजून काही राहिलं का, काका?" मॅनेजरबाईंनी विचारलं.

"नाही हो," मी म्हटलं, "तुम्ही फक्त एकदा 'जा' म्हणा."