चूक कोणाची, या रकान्यातलं नाव

भांडणाऱ्या दोन माणसांना एका ताटात जेवायला बसवलं की जगातले सगळे प्रश्न सुटतात, असं मनापासून मानणारा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात एकच असावा, आणि तो काल्हेरला आमच्या गोडाऊनचा मॅनेजर होता. साहेब पडघ्याचे. माझी मुलाखत त्यांनीच घेतली. माझं इंग्रजी दुसऱ्याच वाक्याला अडकलं, तेव्हा त्यांनी मला पाणी दिलं आणि विचारलं, "घरात पहिलाच ग्रॅज्युएट हाय ना? मग बस कॉम्प्युटरवर." तेव्हापासून त्यांनी मला नावानं हाक मारली नाही. मी कायमचा 'ग्रॅज्युएट' झालो.

गोडाऊनमधून काचेच्या बरण्या दुकानांना जात. पॅकिंगला टेमघरकडच्या बायका, म्हणजे सगळ्यांच्या मावशी, लोडिंगला यूपीचे भाऊ. बरणी फुटली की बायका म्हणत, "यांनी आपटली," आणि भाऊ म्हणत, "इन्होंने कागज कम लगाया." साहेबांनी यावर उपाय काढला. दर शनिवारी कामांची अदलाबदल! एकमेकांचे कष्ट कळले की माया उपजेल, असा त्यांचा हिशेब. पहिल्याच शनिवारी भावांनी बरणीला इतका कागद गुंडाळला की ती खोक्यात मावेना. इकडे मावशींनी फळीवर डबे मांडावेत तशी खोकी ट्रकमध्ये लावली, नावं पुढे करून, मध्ये हात जाईल एवढी जागा ठेवून. ड्रायव्हर कपाळाला हात लावून ओरडला, "माताजी, माल भरना है, दुकान नहीं सजाना!" मावशी म्हणाल्या, "मंग तूच भर, मेल्या!" साहेब खूश. म्हणाले, "बघ, बोलायला तर लागली."

पण त्यांचा खरा हट्ट वेगळाच होता. प्रत्येक नुकसानीमागे कंपनीला एक फॉर्म भरून द्यावा लागे. त्यात 'चूक कोणाची' असा रकाना होता. "नाव लिहिलं की टीम फुटली," असं म्हणून साहेब तिथे स्वतःचंच नाव लिहीत. कागदोपत्री पाहिलं तर या माणसानं एकाच दुपारी गेटवर बरण्या पाडल्या होत्या, टेबलावर चुकीची लेबलं चिकटवली होती आणि फोर्कलिफ्ट शटरवर घातली होती. प्रत्यक्षात त्यांना साधी सायकलही धड चालवता येत नसे. मी घाबरून म्हणायचो, "साहेब, हे अंगाशी येईल." ते म्हणायचे, "अरे, वेळ आली तर पोरं सोडतील का मला?"

वेळ आली. हेड ऑफिसचे एक अधिकारी फॉर्मांचा गठ्ठा घेऊन आले. त्यांनी आम्हा सगळ्यांना एका रांगेत उभं केलं आणि म्हणाले, "ही सगळी नुकसानं या एकट्यानं केलेली नाहीत, हे मलाही कळतं. ज्याचं त्यानं आत्ता सांगावं. नाहीतर यांना आजच घरी जावं लागेल."

मावशी पदराशी चाळा करू लागल्या. भाऊ छताकडे बघू लागले. फोर्कलिफ्टवाला चावी मुठीत धरून उभा. आणि मी? ती चुकीची लेबलं माझीच होती. पण त्याच महिन्यात मी कायम होणार होतो. गावी वडील चार लोकांना सांगून बसले होते. मी माझ्या बुटांकडे बघत राहिलो. इतकी माणसं एका सुरात गप्प राहिली. एवढी एकी आमच्या गोडाऊनमध्ये त्याआधी कधी दिसली नव्हती.

साहेबांची पिशवी घेऊन मी रस्त्यापर्यंत गेलो. सगळं कबूल करायचं असं ठरवून तोंड उघडणार, तोच ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ग्रॅज्युएट, बघितलंस ना? एकानं तरी दुसऱ्याकडं बोट दाखवलं का? आधी कसे तुटून पडायचे एकमेकांवर! जमलं रे आपल्याला."

त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते आनंदानंच भरले होते. मी "होय साहेब" म्हणालो, पिशवी रिक्षात ठेवली आणि रिक्षा दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभा राहिलो.