दोरी मांडीवर घेऊन बसलेली बाई

माझ्या माहेरी कुणी भुताची गोष्ट काढली की पप्पा टीव्हीचा आवाज वाढवायचे. आम्ही चार पिढ्यांचे ख्रिस्ती. उतारा, करणी, अंगात येणं हे सगळं आमच्या लेखी शेजाऱ्यांच्या घरचं. त्यात मी केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झालेली. असले अनुभव मी मोबाईलवर वाचायचे ते फक्त हसायला. प्रकाशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि दोघं मिळून लिहिणाऱ्याची टर उडवायचो. आता तुम्ही माझी उडवा... पण आधी पूर्ण वाचा, एवढंच.

प्रकाश जाऊन आता तीन वर्षं होतील. ड्यूटीवरून भिंगारच्या क्वार्टरवर आला, बूट काढायला खाली बसला आणि उठलाच नाही. त्याच्यानंतर घरात मी आणि आमची रूथ, तेव्हा पाच वर्षांची.

मी भित्री आहे हे आधीच सांगायला हवं. थोडीथोडकी नाही. रस्ता ओलांडताना मी प्रकाशच्या शर्टाची बाही धरायचे. बँकेत तो जाणार, सिलिंडर तो बदलणार, पालसुद्धा तोच हाकलणार. रूथच्या वेळी कळा यायच्या आधीच मी डॉक्टरीणबाईंच्या पाया पडून सिझर करायला लावलं. "तू बस, मी बघतो" हे आधी पप्पा म्हणाले, मग दादा म्हणाला, मग प्रकाश. आणि मी आपली बसले. चौतीस वर्षं बसले.

प्रकाशच्या जागी अनुकंपावर नोकरीचं पत्र आलं तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. मला जुलाब लागले. साहेब ओरडतील, कॉम्प्युटर येणार नाही, बसमध्ये एकटीनं जावं लागेल... रात्रंदिवस हेच डोक्यात. दादा फोनवर म्हणाला, "कशाला करती नोकरी? मी हाय ना. ये इकडं, रूथला हितल्या शाळंत घालू." मला तेच ऐकायचं होतं. त्या मे महिन्यात मी दादाकडे गेले ती नोकरी नको असं लिहून द्यायचं पक्कं करूनच. अर्ज लिहून पर्समध्ये ठेवलेला होता, फक्त सही बाकी होती.

दादाचं गाव जामखेडच्या अलीकडे. डांबरी रस्ता सोडून आत तीन किलोमीटर, सगळा माळ, मध्येच दादाची डाळिंबाची बाग. बागेच्या वरच्या अंगाला शेततळं. ज्यांनी शेततळं पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते - चौकोनी मोठा खड्डा, चारही बाजूंनी उतार, आणि पाणी मुरू नये म्हणून तळापासून काठापर्यंत अंथरलेला जाड काळा प्लास्टिकचा कागद. या कागदावर शेवाळ धरतं. पट्टीचा पोहणारासुद्धा एकदा आत गेला की बाहेर येत नाही, कारण पाय ठेवायला आणि हातात धरायला काहीही नसतं. म्हणून काठावरच्या खांबाला एक दोरी बांधून आत सोडलेली असते. दादाची दोरी निळी, नायलॉनची, हातहातभर अंतरावर गाठी मारलेली, आणि शेवटाला मोटरसायकलची ट्यूब.

त्या घरात एकच नियम कडक होता. कागदाला जपायचं. तळ्याच्या जाळीच्या आत कुणी चपला घालून जायचं नाही. वहिनी बांगड्या मागे सारून मगच तिथे वाकायच्या. कागद फाटला की पाणी गेलं, पाणी गेलं की बाग गेली. आम्ही सगळे हे इतकं ऐकून होतो की रूथसुद्धा तिच्या बाहुलीला सांगायची, कागदाला हात नाही लावायचा.

तो रविवार. गावातल्या चर्चमध्ये सकाळी मोठी सभा होती, बाहेरून पाहुणे यायचे होते. दादानं शाळेतून प्लास्टिकच्या खुर्च्या आणून टेम्पोत रचल्या आणि बांधायला दोरी शोधायला लागला. सापडेना. मग म्हणाला, "तळ्याची सोडून आनतो. दुपारपोत्तर कोन बुडतंय?"

यात मी त्याला दोष देत नाही. तेव्हा मीही हसले होते.

मी सभेला गेले नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. खरं तर प्रकाश गेल्यापासून देवाशी माझं बोलणं बंद होतं, आणि चर्चमध्ये बायका ज्या नजरेनं बघतात ती मला सोसत नव्हती. रूथ माझ्यापाशी राहिली. सगळी वस्ती सभेला गेलेली. साडेदहाच्या सुमारास आम्ही दोघी घराला कुलूप लावून बागेत चक्कर मारायला निघालो. किल्ली लेसला अडकवून मनगटात घातली होती.

दादानं तळ्यात मासे सोडले होते. रूथ मासे बघायला पुढे पळाली. जाळीच्या दाराची कडी दादानं दोरी सोडून आणताना लावलीच नव्हती. मी हाक मारेपर्यंत ती आत गेली होती... आणि मग फक्त सर्रकन असा आवाज आला. किंचाळली पण नाही.

आता जे लिहितेय त्याची मला अजून लाज वाटते. मी पळत गेले, आणि काठावर थांबून आधी चपला काढल्या. पोरगी पाण्यात, आणि मी चपला काढतेय, कागद फाटेल म्हणून.

मग मी बसून घसरत खाली गेले. मला पोहता येत नाही. रूथचा फ्रॉक हाताला लागला, तिला ओढून खांद्यावर घेतलं आणि कशीबशी तळ्याच्या कोपऱ्यात आले. कोपऱ्यात दोन उतार मिळतात, तिथे कागदाची एक घडी पडलेली होती. त्या घडीला पाठ लावून, दोन्ही पाय दोन उतारांवर ताणून मी उभी राहिले. उभी म्हणजे काय... पाणी हनुवटीला. जरा हलले की पाय इंचभर खाली. मे महिन्यामुळे पाणी खाली गेलेलं, वरचा काठ माझ्या डोक्यावर दीड माणूस उंच.

मी ओरडले. घसा फाटेपर्यंत ओरडले. आणि तिकडून, बागेपलीकडून, लाऊडस्पीकरवर पेटी-तबल्यासकट गाणं येत होतं. माझी सगळी माणसं तिथे बसून देवाची स्तुती करत होती आणि त्या आवाजाखाली माझा आवाज कुणालाच ऐकू जात नव्हता. तेव्हा मला देवाचा जितका राग आला तितका प्रकाश गेला त्या दिवशीही आला नव्हता.

रूथ काहीच बोलत नव्हती. नुसती थरथरत होती. बोलत नव्हती याचीच मला जास्त भीती वाटत होती.

समोर वर पाहिलं तेव्हा काठावर बाई बसलेली दिसली.

ऊन तिच्या मागून येत होतं, त्यामुळे चेहरा दिसला नाही. नऊवारी नेसलेली, वयस्कर, गुडघे मोडून बसलेली, मान खाली. आणि तिच्या मांडीत निळी दोरी. तिची ती ट्यूब पण मला दिसली, शेजारी कागदावर पडलेली. दादा दोरी घेऊन गेलाय हे मला तेव्हा आठवलंच नाही. मला फक्त दोरी दिसत होती.

"आजी, दोरी टाका," मी म्हटलं. "आजी, माझी पोरगी आहे हो."

तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "आजून न्हाई."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. परत म्हटलं, विनवण्या केल्या, प्रकाशचं नाव घेतलं, येशूचं नाव घेतलं, शेवटी शिव्या दिल्या. मला शिव्या येतात हेही मला त्या दिवशीच कळलं. तिचे हात मांडीत हलत होते, तांदूळ निवडत बसल्यासारखे. आणि मध्येमध्ये तेच, "आजून... आजून..."

माझे पाय हळूहळू खाली चालले होते. पाणी ओठांना लागलं. दोन वेळा नाकात गेलं. तेव्हा मला कळलं - डोक्याला नाही, पोटाला कळलं - की कुणीही येणार नाही. पप्पा नाहीत, प्रकाश नाही, दादा खुर्च्यांवर माणसं बसवतोय, आणि समोर दोरी घेऊन बसलेली बाई आमच्या मरणाची वाट बघतेय. इतकी घाबरले की आणखी घाबरायला जागाच उरली नाही. "तू बस, मी बघतो" म्हणणारं जगात कुणी शिल्लक नव्हतं. मग मीच बघायला लागले.

कागद. इतका वेळ मी नखं लागू नयेत म्हणून बोटं आखडून धरली होती. खरंच. मरता मरता मी दादाचा कागद जपत होते.

मनगटातली किल्ली मुठीत घेतली. हात वर पोचेल तिथे, जिथे पाणी नव्हतं आणि उन्हानं कागद कडक झाला होता, तिथे घडीवर घासायला लागले. एकाच जागी. किती वेळ ते माहीत नाही. घासताना पाय सुटले आणि आम्ही दोघी पाण्याखाली गेलो. परत वर आलो, कशा ते मला विचारू नका. वरून आवाज आला, "आजून." मी परत घासायला लागले. मग किल्ली आत गेली. भोकात बोट घातलं आणि ओढलं. कागद फाटला, आत गार माती लागली. त्या मातीत मी चारही बोटं खुपसली.

रूथला ओढणीनं पाठीशी बांधलं, एका हातानं आणि दातांनी. मग पुढचं भोक. मग त्याच्या वरचं. पहिल्या भोकात पाय आला तेव्हा मी मोठ्यानं रडत होते, पण हात थांबला नाही. दोन नखं मुळापासून गेली, ती गेलेली कळली नाहीत. काठावर हात टेकला तेव्हा लाऊडस्पीकरवरचं गाणं संपून पाळकसाहेबांचं प्रवचन चालू होतं.

काठावर कुणी नव्हतं. फुफाट्यात पावलं होती ती रूथची आणि माझी, बस्स.

दादा-वहिनी बाराच्या पुढे आले. दादा आधी फाटलेल्या कागदाकडे गेला असेल असं तुम्हाला वाटेल. नाही. त्यानं आधी माझे हात पाहिले. म्हणाला, "मी सोडली दोरी. माझ्यामुळं झालं." मी म्हटलं, दोरी इथेच होती, एक बाई घेऊन बसली होती, देत नव्हती.  दादानं टेम्पोकडे बोट केलं. खुर्च्या अजून टेम्पोतच होत्या, निळ्या दोरीनं आवळलेल्या, ट्यूब बाजूला लोंबत होती.

"तिची गाठच सुटंना," वहिनी म्हणाल्या. "चार जनांनी बघितलं. शेवटी मानसं सतरंजीवर बसली, ताई. दोरी सकाळपासून तिथंच हुती."

शेजारच्या मळ्यातल्या हौसाबाई म्हणाल्या, "आसरा आसंल, पान्यातली." प्लास्टिकच्या तळ्यात आसरा, म्हणजे जलदेवता, कुठून येणार, हे मी त्यांना विचारलं नाही. पाळकसाहेब म्हणाले, देवदूत. मी म्हटलं, देवदूत दोरी देतो, मांडीत घेऊन बसत नाही.  डॉक्टर म्हणाले, ऑक्सिजन कमी पडला की असं दिसतं. केमिस्ट्रीवाल्या मला तेच सगळ्यात पटलं, आणि मी तेच धरून बसले.

जूनमध्ये मी नोकरीवर हजर झाले. शूर वगैरे काही झाले नाही. पहिले दोन महिने रोज बाथरूममध्ये जाऊन रडायचे आणि तोंड धुऊन परत टेबलावर यायचे. आता स्कूटी चालवते. पाल मात्र अजून हाकलता येत नाही.

संकटानं तू घडलीस, असं नातेवाईक म्हणतात तेव्हा मला चीड येते. माझी पोरगी मरत होती, त्यात घडायचं काय होतं? पण एकटी असताना हेही मनात येतं, की त्या दिवशी दोरी आली असती तर मी तिला लोंबकळून राहिले असते, दादानं येऊन ओढलं असतं, आणि आज मी त्याच्या ओट्यावर बसून असते. दोन्ही खरं आहे. मनातल्या मनात मी ठरवून टाकलं होतं की कुणीतरी मला मुद्दाम दोरी दिली नाही. माझ्या भल्यासाठी. आणि त्या भल्यासाठी तिनं माझ्या लेकराला बुडू दिलं असतं, याचा राग मी सव्वा वर्ष सांभाळला.

गेल्या महिन्यात रूथ शाळेत निघाली होती. बुटाच्या नाडीची गाठ सुटेना. मी म्हटलं, दे इकडे. "नको मम्मी, मी करते," म्हणाली, आणि वाकून गाठ ओढता ओढता म्हणाली, "त्या आजीसारखीच गाठ बसलीये."

"कुठली आजी?"

"तळ्यावरची. तिच्या दोरीची गाठ सुटतच नव्हती ना. दातांनी पण ओढत होती. मी तुझ्या खांद्यावर होते, मला दिसत होतं." मग नाडी सोडून माझ्याकडे बघत म्हणाली, "ती रडत होती, मम्मी."

रूथला मी त्या बाईबद्दल एक अक्षर बोलले नव्हते. घाबरेल म्हणून घरात तो विषयच बंद होता. आता ऑक्सिजनचं काय करायचं ते मला कळत नाही. कोण होती, कुठून आली, चर्चजवळच्या टेम्पोला बांधलेली दोरी तिच्या मांडीत कशी... मला खरंच काही सांगता येत नाही. एवढंच कळलं, की ती मला काही शिकवत नव्हती. "आजून न्हाई" म्हणजे गाठ अजून सुटली नाही, इतकंच.

देवाशी माझं बोलणं आता सुरू आहे, थोडंफार. सकाळच्या प्रार्थनेत प्रकाशचं नाव घेते, रूथचं घेते, आणि मग थांबते, कारण पुढचं नाव मला माहीत नाही.