नळी खाली, दांडा वर

"उलटे नाही बसवायचे, दाजी. नळी खाली, दांडा वर. आपले शॉकअप तसेच चालतात."

"त्या शर्यतवाल्याच्या क्वाडला नळी वर होती. माझे काय डोळे फुटलेत?"

"त्याच्यात गॅस कोंडलेला असतो, तेलापासून वेगळा. आपल्यात तेलाच्या डोक्यावर नुसती हवा. उलटं केलं की ती हवा झडपेशी येऊन बसणार. मग आतला दट्ट्या तेलात चालत नाही, हवेत नाचतो. उतारावर गाडी बेडकासारख्या उड्या मारेल."

"दट्ट्या हवेत नाचतो म्हणे!" दाजी गिऱ्हाइकांकडे बघून हसले. "मेव्हणेबुवा, दट्ट्या माझ्या घरात जेवतो, एवढंच मला ठाऊक आहे."

गिऱ्हाइकं खो खो हसली. दट्ट्या हे मेव्हण्याचं टोपणनावच होतं. शॉकअपच्या पोटातले दट्ट्ये दुरुस्त करण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलेलं. आई गेली तेव्हा थोरल्या बहिणीनं त्याला वाढवलं, आणि तिचं लग्न झालं तसा तिच्या मागोमाग तो दाजींच्या शेडमध्ये आला. डोंगरउतारावर उंडारायला दाजी हौशी लोकांना क्वाड भाड्यानं देत. जाड चाकांची ती उघडी गाडी खड्ड्यात आपटली की मार खायचे धक्के झेलणारे शॉकअप आणि शिव्या खायचा दट्ट्या.

शॉकअप बसवण्याआधी तो स्प्रिंग काढायचा, नळी उभी धरून दांडा खालीवर करायचा आणि कान लावून ऐकायचा. आत गुळगुळ वाजलं की हवा अडकलेली, पुन्हा पहिल्यापासून. लोक म्हणायचे, नाडी बघतोय. लांबलांबचे शर्यतवाले त्या कानाच्या भरवशावर येत. बाकी त्याच्याजवळ होतं काय?

पण ज्याच्या ताटात जेवायचं, त्याच्या तोंडाला किती लागायचं? दट्ट्यानं पाना उचलला. "बसवतो. पण मी हळू चालवून बघेपर्यंत एकही गाडी बाहेर काढू नका," एवढं म्हणाला. दिवस मावळायच्या आत सगळ्या क्वाड नळ्या वर करून उभ्या. दिसायला झकास, बाशिंग बांधल्यासारख्या.

सकाळी तो यायच्या आत ताईनं एक काढली. डोंगरावर गिऱ्हाइकांच्या मुक्कामाला पाण्याचे कॅन पोचवायचं काम तिचंच. पाणी तर पोचायलाच हवं, तिला अडवणार कोण? चढ नीट गेला. उताराच्या खडबडीत वाटेवर मागची चाकं उसळली, बसलीच नाहीत, उसळतच राहिली. गाडी पलटली ती ताईच्या अंगावरच. खुबा मोडला.

ज्याच्या जमिनीवर या क्वाड पळत, तो उताराचा मालक दवाखान्यात भेटायला आला. शर्यतवाले सगळे त्याच्या शब्दावर चालणारे. त्यानं सरळ विचारलं, "उलटे कुणी बसवले?"

"यानं," दाजी म्हणाले.

"सांगितलं कुणी?"

दाजी खिडकीबाहेर बघू लागले. दट्ट्यानं ताईकडे पाहिलं. शेडमागच्या ओट्यावर भांडी घासत तिनं सगळं बोलणं ऐकलं होतं. एक वाक्य पुरलं असतं.

ताई चादरीची किनार चिमटीत धरून म्हणाली, "त्याचं काम त्यालाच ठाऊक. आम्हाला काय कळतं त्यातलं?"

मालक मान हलवत निघून गेला. त्याच्यामागोमाग दाजी चहाला सटकले.

"ताई, तू ऐकलं होतंस."

"ऐकलं होतं." तिनं डोळे मिटले. "तुला दुसरं काम मिळेल रे. मला या मोडक्या खुब्यानिशी दुसरा नवरा मिळणार आहे का?"

दट्ट्या उठून दाराकडे निघाला. काम मिळेल म्हणे! सगळी चूक ज्याच्यावर ढकलून ताईनं आत्ताच मालकासमोर त्याच्या कानावरचा भरवसा मोडला, त्याला काम देणार कोण?

तो शेडमध्ये परतला तेव्हा दाजी दारात उभे होते. नजर जमिनीवर, आवाज मात्र चढा. "सगळे सरळ कर आता. आणि कुणी विचारलं तर सांग, चूक झाली म्हणून."

"कुणाची?"

दाजी आत गेले.

दट्ट्यानं पहिली क्वाड ठोकळ्यावर चढवली, बोल्ट सैल केले, शॉकअप काढला. स्प्रिंग सोडवून बाजूला ठेवली. नळी खाली, दांडा वर धरून दाबली. पहिली दोन बोटं दांडा रिकामाच, नुसत्या हवेतून गेला. त्यानं कान लावला आणि पुन्हा दाबलं.