नाव सांगा, बाजू सांगा

आमच्या दुकानात दुचाकीचे स्पेअर पार्ट मिळतात, आणि त्यावर अपमान फुकट. अपमानाचं खातं माझ्या धंद्यातल्या जोडीदाराकडे आहे. वय चौतीस, चेहरा पोरसवदा, पण गिऱ्हाईक "ते गोल असतं बघा, चाकापाशी, ते द्या" असं म्हणालं, की हा चष्म्यावरून बघणार आणि विचारणार, "नाव सांगा." नाव आलं की, "बाजू? डावी की उजवी?" मग माप. तिन्ही गोष्टी चिठ्ठीवर उतरल्याशिवाय त्याचा हात फळीकडे जात नाही. गॅरेजवाल्यांनी त्याला 'नावसांगा' म्हणायला सुरुवात केली, ती आजतागायत. बारा वर्षं मी त्याच्या शेजारी उभा आहे, आणि तेवढ्या काळात त्याच्या चुकीने एकही पार्ट परत आलेला नाही.

हाच माणूस गेल्या वर्षी तीन महिने कमरेला पट्टा बांधून कामावर येत होता. कंबर धरलीय म्हणायचा. जड खोकी मी उचलायचो आणि उचलता उचलता त्याला "आजोबा" म्हणून चिडवायचो. पट्टा बायकोने आणून दिलेला, मलम कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी. मलमाने काडीचा फरक पडत नव्हता, तरी ट्यूब संपली की हा नवी आणायचा.

एक दिवस दुपारी एक गॅरेजवाला पार्ट परत घेऊन आला. "भाऊ, बसत नाही हे. माझंच चुकलं. मी नाव भलतंच सांगितलं, तुम्ही त्याच नावाचं दिलंत."

आता त्याची खरडपट्टी निघणार म्हणून मी काम सोडून बघत राहिलो. पण नावसांगाने मुकाट्याने पार्ट बदलून दिला आणि मागच्या फळ्यांमध्ये जाऊन एका खोक्यावर बसला. मी मागोमाग गेलो.

"मीही डॉक्टरांना नाव भलतंच सांगितलंय," तो म्हणाला.

"कशाचं?"

"त्याचं."

"त्याचं म्हणजे कशाचं? नाव सांग."

सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं. तो हसला नाही. त्याने खिशातला चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला, वरच्या चिठ्ठीवर लिहिलं आणि ती माझ्या हातात देऊन दुसरीकडे बघत बसला. नाव: वृषण. बाजू: उजवी. माप: बेअरिंगच्या मोठ्या छर्‍याएवढी गाठ. खाली आणखी एक ओळ होती: कडक आहे, दुखत नाही, तीन महिने झाले.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. अंघोळ करताना गाठ हाताला लागली होती. डॉक्टरांकडे गेला, तर पडद्याच्या पलीकडे चार बायका बसलेल्या. शब्द ओठांवर येईना, म्हणून "जांघेत ओढल्यासारखं होतं" म्हणाला. डॉक्टर म्हणाले, खोकी उचलता, स्नायू ताणला असेल. घरी आल्यावर सासूबाई समोर होत्या, त्यांच्यापुढे जांघेचं नावही काढता येईना, म्हणून कंबर सांगितली. दुखणं दर वेळी वीतभर वर सरकत होतं. गाठ होती तिथेच होती.

"अरे, पण नुसता शब्द उच्चारायला काय जातं?" मी म्हणालो.

"एक शब्द पुस्तकातला आणि बाकीचे शिवीतले. मधला आहे का एखादा? तू सांग."

मी बराच वेळ शोधला. सापडला नाही. मला त्याचा राग आला, पण त्याहून जास्त माझाच आला. तीन महिने मी त्याला आजोबा म्हणत होतो.

त्याच दुपारी दुकानाचं शटर ओढून मी त्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. तो मला आतही घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर त्याने चिठ्ठी ठेवली. त्यांनी ती वाचली आणि पट्ट्याकडे बोट दाखवलं.

"हा कशासाठी?"

"कमरेसाठी."

"कमरेला काय झालंय?"

"काही नाही," तो म्हणाला.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी तपासलं, लगेच सोनोग्राफी आणि रक्ताच्या तपासण्या करायला लावल्या. रिपोर्ट आल्यावर समोर बसवून सांगितलं, की हा वृषणाचा कॅन्सर दिसतोय. तरुण पुरुषांमध्येच जास्त आढळतो, आणि लवकर हाती लागला तर बहुतेक जण पूर्ण बरे होतात. "दुखत नाही म्हणून माणसं घरी बसतात," त्या म्हणाल्या. "कडक गाठ दुखत नसली, तरी दाखवायची असते."

"नुसती गाठ काढून भागणार नाही का?" त्याने विचारलं.

"नाही. जांघेतून छेद देऊन अख्खं वृषण काढावं लागतं. एका वृषणावरही शरीराचं काम नीट चालतं."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. सुटं मिळत नाही, पूर्ण सेट बदलावा लागेल, हे वाक्य आम्ही दोघं रोज काउंटरवर म्हणतो. त्याही परिस्थितीत त्याला हसू फुटलं, आणि मग त्याचे डोळे भरून आले. मलाही फार भीती वाटली. त्याची मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती.

बायकोला त्याने घरी जाऊन सगळं नीट नावानिशी सांगितलं. ती आधी म्हणाली, "तीन महिने मी तुमचा पट्टा धुतेय." मग रडायला बसली.

आठवड्यात ऑपरेशन झालं. कॅन्सर वृषणाबाहेर गेलेला नव्हता. थोडक्यात वाचला. ठरलेल्या तारखांना रक्त आणि स्कॅन करायला अजून जावं लागतं, आणि एकही तारीख तो चुकवत नाही. पट्टा बायकोने फरशी पुसायला काढला. खोकी आता आम्ही दोघं मिळून उचलतो. गिऱ्हाइकांचा अपमानही पूर्ववत सुरू झाला.

गेल्या आठवड्यात तोच गॅरेजवाला भरदुपारी आला. काउंटर रिकामा होता. तरी तो दोनदा मागे बघून हळूच म्हणाला, "भाऊ, तुम्हाला जे झालं होतं ना... ते... मला पण तिथे..."

नावसांगाने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. आता 'नाव सांगा' येणार, असं मला वाटलं.

त्याने चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणि पेन पुढे सरकवलं. "लिहून द्या," तो म्हणाला. "बाजू विसरू नका." आणि शटर ओढायला मला खूण केली.