पाच नंबरचा कॅन

डिझेलचा वास आला की मला शिरूर कासारची ती सकाळ आठवते. ऊसतोडीला निघालेली आठ माणसं सामानासह माझ्या ट्रकमध्ये बसली होती. वाटेसाठी एकसारखे पाच निळे कॅन भरले होते, चारांत प्यायचं पाणी आणि एकात डिझेल. घोटाळा नको म्हणून बंद कॅन ओळीनं मांडून मीच त्यांवर आकडे टाकले होते. पाच म्हणजे डिझेल. ड्रायव्हरनं पाच नंबर टाकीत ओतला, पण गाडी दोनदा ठसकून बंद पडली. त्यानं फिल्टरखालचा स्क्रू ढिला करून धार हातावर घेतली. “मालक, हे तर पाणी हाय!” “अरे, भलताच कॅन ओतलास तू!” “नंबर तुमी टाकलेत, मी कावून बदलू?” मग डिझेल कुठं होतं? वर पाहिलं तर एक बाई चार नंबरचा कॅन वाकवून लेकीचा पेला भरत होती. फिल्टरमधून पाण्यासोबत सांडलेल्या डिझेलचाच वास सगळीकडे पसरला होता, तिला वेगळं काय जाणवणार? “पाजू नको!” मी ओरडलो. ओठांना टेकलेला पेला तिनं हिसकावून खाली फेकला आणि लेकीचे ओठ पदरानं पुसले. माझे आकडे आजही सुबक असतात. फक्त झाकण उघडून नाक लावल्याशिवाय मी ते टाकत नाही.