शेंड्याचा मणी आणि दोन प्रोसेसर

कुठलीही नवी गोष्ट दिसली की माझे पाय जमिनीवर राहत नाहीत. आई याला सरळ उतावळेपणा म्हणायची आणि गुडघ्याला बाशिंग बांधणाऱ्या नवऱ्याची आठवण करून द्यायची. नवं शतक सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, आणि मी माझा स्वतःचा, माझ्या कामाचा कॉम्प्युटर घ्यायला निघाले होते. त्या आठवड्यात आईने मला पाहिलं असतं तर बाशिंग घोट्यालाही आहे म्हणाली असती.

त्याआधी सात वर्षं मी सातपूरच्या एका कारखान्यात ड्रॉइंगं काढत होते. सुरुवातीला तिरक्या टेबलावर, नंतर पडद्यावर. डिझाइन दुसऱ्यांनी करायचं आणि मी ते स्वच्छ काढून द्यायचं, एवढंच काम. त्यांच्या चुका मला दिसायच्या आणि मी त्या बोलून दाखवायचे. मला गप्प बसता येत नाही. एक दिवस साहेब सगळ्यांसमोर म्हणाले की तुमचं काम हात चालवायचं, डोकं नव्हे. मी राजीनामा लिहून त्यांच्या टेबलावर ठेवला आणि बाहेर पडले. बसस्टॉपवर पोचल्यावर ध्यानात आलं की आता आपल्याला नोकरी नाही.

मखमलाबाद रोडला माझी भाड्याची खोली होती आणि खोलीत एक जुना, दमेकरी कॉम्प्युटर. महिनाभर मी अंबडमधले कारखाने पालथे घातले. प्लास्टिकचे क्रेट बनवणाऱ्या एका कारखान्यात टूलरूमचे, म्हणजे साचे बनतात त्या विभागाचे, प्रमुख भेटले, साठीला टेकलेले, कमी बोलणारे. त्यांना द्राक्षाच्या क्रेटचा नवा साचा करायचा होता. त्यांनी मला तीन आठवडे दिले. डिझाइन जमलं तर पुढचीही कामं माझी, नाही जमलं तर नमस्कार. त्याच सुमारास जुन्या कारखान्यातून निरोप आला की बाईंची खुर्ची अजून रिकामी आहे. त्या निरोपाने माझी झोप उडाली. मला त्या खुर्चीत परत जायचं नव्हतं, काही झालं तरी नव्हतं.

पण माझा कॉम्प्युटर काही ऐकेना. क्रेट दिसतो साधा, पण त्याच्या भिंतींना किंचित उतार द्यावा लागतो, नाहीतर तो साच्यात अडकून बसतो. शिवाय हवेसाठी शेकडो भोकं, वजन पेलायला बाहेरून पट्ट्या, आणि प्रत्येक कोपऱ्याला गोलाई. उतार अर्ध्या अंशाने बदलला की कॉम्प्युटर सगळी भोकं, सगळ्या पट्ट्या, सगळ्या गोलाया पहिल्यापासून पुन्हा मोजायला बसे. पडद्यावर वाळूचं घड्याळ येई. मी चहा करून, पिऊन, कप विसळून परत यायचे, तरी घड्याळ तिथंच. दिवसात असे वीसेक बदल करायचे म्हटले तर तीन आठवडे पुरणार नव्हते.

मी एसटी धरून दिंडोरीकडे गावी गेले. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो, आणि ते मला ताई म्हणायचे. आमची द्राक्षाची बाग. दादांनी त्या वर्षी शेजारच्या तुकड्यात नवी बाग लावायची ठरवली होती आणि मांडवाच्या लोखंडी अँगलसाठी पैसे बाजूला ठेवले होते. मी ओसरीवर बसून त्यांना सगळं सांगितलं. क्रेट, उतार, वाळूचं घड्याळ, रिकामी खुर्ची. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. मग म्हणाले की मांडव पुढच्या साली करू, जमीन काही पळून जात नाय. मला एवढा आनंद झाला की मी त्यांना धड नको-नकोसुद्धा म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी शरणपूर रोडच्या एका दुकानात हजर. दुकान पहिल्या मजल्यावर, जिन्यातसुद्धा खोकी रचलेली. दुकानदार माझ्याच वयाचा, आणि वेडाच्या बाबतीतही माझ्याच जातीचा. त्याने आधी मला डेस्कटॉप दाखवला. एकच प्रोसेसर, पण त्या वेळी बाजारात आलेला सगळ्यात वेगवान. मग आवाज खाली आणून म्हणाला की मॅडम, आत एक चीज आहे.

आत एक काळा कॅबिनेट होता, कमरेएवढा उंच. सर्व्हर. एका मोठ्या ऑफिससाठी मागवलेला, त्यांनी नंतर घेतला नाही, म्हणून डेस्कटॉपच्याच भावात सुटत होता. आत एक सोडून दोन प्रोसेसर, तेही असे की वर्षभर रात्रंदिवस चालले तरी थकायचे नाहीत. त्याने झाकण उघडलं. दोन प्रोसेसर शेजारी शेजारी बसलेले, डोक्यावर एकेक पंखा, जोडीने खुराड्यात बसल्यासारखे. चालू केला तेव्हा गिरणी सुरू झाल्यासारखा आवाज आला. खोटं कशाला सांगू, एखादी मुलगी नवरा बघायला गेली आणि तो मनात भरला, तसं माझं झालं.

तरी मी शेतकऱ्याची मुलगी, न तपासता कसं घ्यायचं? क्रेटचं काम सीडीवर घेऊनच आले होते. दोन्ही मशीनवर ते चढवलं आणि क्रेटचं चित्र काढायला लावलं. हे चित्र म्हणजे फोटोसारखं असतं, खऱ्या क्रेटवर खरा उजेड पडल्यासारखं, सावल्यांसकट. गिऱ्हाइकाला दाखवायला तेच लागतं. दुकानदाराने मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. सर्व्हरवर चित्र भराभर उमटत गेलं, वरच्या काठापासून तळापर्यंत, आणि डेस्कटॉप अजून अर्ध्यातच रेंगाळत होता. आम्ही दोघंही टाळ्या वाजवायच्या बेतात होतो. मी जागच्या जागी सांगून टाकलं की सोमवारी येऊन घेऊन जाते. त्याने कागदावर ‘विकला’ असं लिहून कॅबिनेटला चिकटवलं.

रविवारी मी परत गावी, बातमी सांगायला. अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली मी दादांच्या मागे मागे बागेत फिरत होते. दिवस थंडीचे, मण्यात साखर भरायला लागली होती. मी सांगत होते की सर्व्हर म्हणजे काय, दोन प्रोसेसर म्हणजे काय, बैलजोडीच म्हणा ना दादा, एकाचं ओझं दोघांत. ते हं हं करत घड बघत चालले होते.

इथं आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. द्राक्षाचा घड वरून पिकत येतो. खांद्याचे मणी आधी गोड होतात आणि खाली शेंड्याला असतात ते शेवटी. लहानपणी मी खांद्याचा मणी तोंडात टाकून घरभर सांगत सुटायचे की बाग तयार झाली. दादा मात्र घड खालून धरायचे, शेंड्याचा मणी तोडून चाखायचे, आणि बहुतेक वेळा तोंड वाकडं करून पुढं जायचे. मुरलेला व्यापारीही तेच करतो. शेतकऱ्याने खांद्याचा मणी पुढं केला तर हसून खिशात टाकतो आणि शेंड्याचा स्वतः तोडून घेतो. शेंडा गोड तर घड गोड, हे आमच्यात पोरासोरांनाही माहीत.

तर दादा एका घडापाशी थांबले आणि विचारलं, “चाखून पाह्यला का तू?”

मी मोठ्या तोऱ्यात सगळी हकिगत सांगितली. चित्र, सावल्या, मनगटावरचं घड्याळ. त्यांनी विचारलं की हे चित्र तू दिवसातून किती वेळा काढते. मी म्हटलं, दिवसातून कशाला, एकदाच, सगळं काम संपल्यावर.

“मंग तो खांद्याचा मणी हाय, ताई. शेंड्याचा कुठला?”

दादांना कॉम्प्युटरमधलं काडीचं कळत नव्हतं, त्यांनी तो जवळून पाहिलासुद्धा नव्हता. आणि मी, याच बागेत वाढलेली, सात वर्षं ड्रॉइंगं काढलेली शहाणी बाई, सगळ्यात गोड मणी चाखून घड पसंत करून आले होते. शेंडा म्हणजे ते वाळूचं घड्याळ. अर्धा अंश उतार बदलायचा आणि वाट बघायची, हेच माझं दिवसभराचं काम. ते मी तपासलंच नव्हतं. लाज वाटली, रागही आला, आणि त्या दोन्हींपेक्षा जास्त म्हणजे सोमवार कधी उजाडतो असं झालं.

सोमवारी दुकान उघडायच्या आधी मी जिन्यातल्या खोक्यावर बसून होते. दुकानदाराला सांगितलं की न्यायच्या आधी अजून एक गोष्ट पाहायची आहे. त्याला वाटलं माझं मन बदललं, तोंड जरा उतरलं. दोन्ही मशीनवर क्रेट उघडला, दोन्हीकडे भिंतीचा उतार अर्धा अंश वाढवला, आणि दोघांनी एकदमच बटण दाबलं.

वाळूची दोन घड्याळं शेजारी शेजारी. आधी डेस्कटॉपचं नाहीसं झालं. सर्व्हरचं तिथंच. मी म्हटलं चुकून झालं असेल, पुन्हा करू. पुन्हा तेच. पट्ट्यांची जाडी बदलून पाहिली, तरी तेच. बैलजोडी मागं आणि एकटा पुढं! मला वाईट वाटायला हवं होतं, पण मी अक्षरशः नाचायची बाकी होते, कारण आता हे असं का होतंय ते जाणून घ्यायचं होतं.

दुकानदाराने सर्व्हरवर एक छोटी खिडकी उघडली, प्रोसेसर किती राबतोय ते दाखवणारी. तिच्यात दोन आलेख होते, दोन प्रोसेसरचे. पहिल्याची रेघ पार वर छताला टेकलेली. दुसऱ्याची तळाशी सपाट पडून होती. एक बैल जीव तोडून ओढतोय आणि दुसरा बांधावर चरतोय.

मग आम्ही दोघांनी डोकं लढवलं आणि हळूहळू उलगडा झाला. चित्राचे तुकडे करता येतात, वरचा तुकडा एकाने रंगवावा, खालचा दुसऱ्याने. पण माझ्या कामात आधी भिंत ठरल्याशिवाय पट्टी ठरत नाही, पट्टी ठरल्याशिवाय गोलाई नाही. एकामागून एक. तिथं दुसरा प्रोसेसर मदत करणार तरी काय, तो नुसता उभा. आणि सर्व्हरचा एकेकटा प्रोसेसर डेस्कटॉपच्या प्रोसेसरपेक्षा हळू होता. त्याची खरी ताकद शंभर लोकांची शंभर कामं एकदम सांभाळण्यात होती. मी एकटी होते आणि माझं काम एक होतं.

मी म्हटलं, सॉरी, मी शब्द फिरवते आहे, मला डेस्कटॉप द्या. तो दुसऱ्या आलेखाची ती सपाट रेघ बघत होता. त्याने उठून ‘विकला’चा कागद काढला आणि डेस्कटॉपच्या खोक्याला चिकटवला. मग म्हणाला की मॅडम, आजपासून गिऱ्हाईक आलं की आधी विचारणार, तुम्हाला कितीजणांचं काम करायचंय. रिक्षात खोकं ठेवायला तो स्वतः खाली आला.

त्यानंतरचे दिवस मी हवेत होते. उतार बदलायचा, बटण दाबायचं, आणि चहाचं पाणी उकळायच्या आत क्रेट पुढं तयार. जे बदल करून बघायला मी घाबरत होते ते आता उगाच करून बघायला लागले. क्रेटच्या तळाचा कोपरा, जिथं तीन पट्ट्या एकत्र येतात, तो मी किती वेळा मोडून पुन्हा बांधला असेन त्याला गणतीच नाही. सगळा भार तिथं येतो आणि क्रेट फुटतो तोही तिथंच. जुन्या मशीनवर मी दोन-तीन वेळा करून सोडून दिला असता.

अंबडला डिझाइन दाखवायला गेले तेव्हा रंगीत चित्र सगळ्यात वर ठेवलं होतं. नव्या मशीनने ते सावकाशच काढलं होतं, मी जेवून आले तोवर. टूलरूमच्या प्रमुखांनी ते बाजूला सारलं, पाहिलंसुद्धा नाही. तळाच्या कोपऱ्याचं ड्रॉइंग शोधून काढलं, चष्मा कपाळावर चढवला आणि कागद डोळ्यांजवळ नेला. माझ्या मनात आलं, हा माणूस शेंड्याचा मणी तोडतोय. बऱ्याच वेळाने त्यांनी कागद खाली ठेवला आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या साच्याचं बोलायला या म्हणाले. गेटबाहेर आल्यावर मी रस्त्यावरच मोठ्याने हसले, पानटपरीवरचे लोक बघत राहिले. जुन्या कारखान्याला मी निरोप पाठवला की खुर्ची दुसऱ्या कुणाला तरी द्या.

साचा बनून पहिले क्रेट निघेपर्यंत पुढचा हंगाम आला. मी एक क्रेट मागून घेतला आणि एसटीत मांडीवर ठेवून गावी नेला. दादा शेजारच्या तुकड्यात उभे होते. तो तुकडा वर्षभर तसाच मोकळा राहिला होता, मांडवावाचून, माझ्या कॉम्प्युटरपायी. त्याचे अँगल आता मीच आणणार होते, ते सांगायचं येतानाच घोकून ठेवलं होतं. त्याआधी मी क्रेट त्यांच्या हातात दिला.

त्यांनी रंग पाहिला नाही, कड्या ओढून पाहिल्या नाहीत. क्रेट सरळ उलटा केला आणि तळाच्या कोपऱ्यावर, तीन पट्ट्या मिळतात नेमक्या तिथं, अंगठा जोर लावून दाबला. मग दुसरा कोपरा, तिसरा, चौथा. मी लहान मुलीसारखी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मांडवाचं बोलायचं राहूनच गेलं.

“शेंडा गोड हाय, ताई,” ते म्हणाले.

मी त्या मोकळ्या तुकड्यातच उभ्याने रडले, आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही.