जिन्यावरची हजेरी

आमच्या अपार्टमेंटमधले दोघं कुठंही भेटले, अगदी कुणाच्या तेरवीला का होईना, की पाचव्या मिनिटाला लॉकडाऊन निघतोच. एकानं एक किस्सा काढला की दुसऱ्याकडे दोन तयार! बाहेरची माणसं कंटाळून उठून जातात. आमचं चालूच.

मजा म्हणजे त्या दिवसांत मी तिथल्या प्रत्येक म्हाताऱ्यावर दिवसातून एकदा तरी खवळत होते. आता तेच किस्से सगळ्यात जास्त मी सांगते.

आधी जागा समजून घ्या. अमरावतीतली साधी इमारत. खाली पार्किंग आणि एक फ्लॅट, वर तीन मजले, मजल्यावर तीन फ्लॅट. जिना एक, गेट एक. मी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, परीक्षा लटकलेली. बाबांना दमा. आणि आई अकोल्याच्या एका दवाखान्यात नर्स. बडनेऱ्याहून गाडी पकडून तिचं रोजचं अप-डाउन. गाड्या बंद झाल्या तेव्हा ती ड्युटीवर होती. जिल्ह्याच्या हद्दी बंद झाल्या आणि ती तिकडेच राहिली.

लोक विचारत होते, "लॉकडाऊन कधी उठणार?" माझा प्रश्न एवढाच होता की आई घरी कधी येणार.

*

आमचे अध्यक्ष वानखडे सर. रिटायर हेडमास्तर. त्यांनी दुसऱ्याच दिवशी जाहीर केलं, "रोज संध्याकाळी सहा वाजता सभा. आपापल्या मजल्यावर, आपापल्या पायरीवर बसून."

सर पहिल्या मजल्यावर खुर्ची टाकून बसत. वरचे वरून ओरडत, खालचे खालून. आणि सभेची सुरुवात कशानं? हजेरीनं! शाळेचं एक कोरं रजिस्टर त्यांच्याकडे उरलं होतं. त्यात त्यांनी आमची सगळ्यांची नावं लिहिली, आडनाव आधी.

"देशमुख कुसुम?"

"हजर!"

"इंगळे पल्लवी?"

ती मी. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "सर, गेटला कुलूप आहे. गैरहजर राहून जाणार कुठं?"

"हजर म्हण आणि खाली बस!"

मी बसलेलीच होते.

पण खरा राग यायचा तो पुढच्या नावाला. "इंगळे सुनंदा?"

सुनंदा म्हणजे माझी आई. आई अकोल्याला आहे हे अख्ख्या इमारतीला माहीत. तरी रोज तेच! बाबा खाली मान घालून म्हणायचे, "गैरहजर." एके दिवशी मी ओरडलेच, "सर, रोज कशाला विचारता? मुद्दाम?"

सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "नाव पटावर आहे. पटावर आहे तोवर हाक द्यावीच लागते."

म्हातारा हट्टी!

*

गेटची किल्ली गवई काकांकडे. ते रेल्वेतले रिटायर गार्ड, आयुष्य मालगाडीच्या शेवटच्या डब्यात काढलेलं. काकू वारलेल्या, मुलगी नागपूरला. तळमजल्यावरच्या एक नंबरच्या फ्लॅटमध्ये ते एकटेच राहत. त्यांनी जुने झेंडे आणि शिट्टी बाहेर काढली. गेटवर लाल झेंडा. भाजीची गाडी आली की हिरवा झेंडा आणि एक शिट्टी. मग एका वेळी एकच फ्लॅट खाली उतरणार.

एकदा टरबूज आले. वानखडे सरांना टरबूज म्हणजे जीव की प्राण. देशमुख काकू अजून गाडीपाशीच होत्या, तेवढ्यात सर पिशवी घेऊन खाली.

काकांनी अशी शिट्टी मारली की समोरच्या बिल्डिंगमधले लोक बाहेर आले.

"सर, सिग्नल तोडला तुमी! मांगं फिरा!"

"अहो गवई, पाच पावलं तर पुढं आलो."

"पाच पावलं काय न् पाच डबे काय! मांगं फिरा!"

सर मुकाट्यानं वर गेले. टरबूज संपले. संध्याकाळी हजेरीच्या वेळी पाहते तर सरांनी स्वतःच्या नावापुढं लाल शाईनं लिहिलं होतं, 'समज दिली'.

*

मग मे महिना लागला. आमच्याकडचा मे काय असतो ते पुण्याच्या लोकांना सांगून कळत नाही. दुपारी नळाचं पाणी हाताला चटका देतं. आणि कूलरची दुकानं बंद!

त्या दिवशी सभेत विषय होता, कोणती दुकानं आधी उघडायला हवीत. जणू कलेक्टरसाहेब आमच्या ठरावाचीच वाट बघत होते. सर म्हणाले, "औषध, दूध, किराणा हे अत्यावश्यक." देशमुख काकू दुसऱ्या मजल्यावरून कडाडल्या, "सर, औषधावाचून माणूस दोन दिवस राहीन. कूलरवाचून राहून दाखवा!"

ठराव एकमतानं पास झाला.

आमच्या कूलरचा पंप आदल्याच दिवशी जळाला होता. उकाड्यानं बाबांना धाप लागत होती. सभा संपली आणि गवई काका आपल्या कूलरचा पंप काढून घेऊन आले. दारातूनच हात लांब करून दिला.

बाबा म्हणाले, "अहो, मग तुम्ही?"

"मले सवय हाय. गार्डाच्या डब्यात ना पंखा असते ना लाइट. छत्तीस वर्षं तसंच भाजून निघालो, आता काय करपणार हाओ!"

*

सात वाजता आईचा व्हिडिओ कॉल. नाकावर मास्कचे वळ, डोळे सुजलेले. मला तिच्याशी बोलायचं असायचं, पण कॉल लागला की जिन्यातून आवाज यायचे, "सिस्टरचा फोन आला वाटते! स्पीकरवर टाक!" अख्ख्या इमारतीची ओपीडी माझ्या मोबाइलवर.

देशमुख काकूंना कोरोना झाल्याची खात्री दर दोन दिवसांनी पटायची. एकदा रडवेल्या होऊन म्हणाल्या, "सिस्टर, घसा लई धरला. आता काही मी वाचत नाही."

आईनं विचारलं, "ताप? खोकला?"

"नाही."

"काल काय खाल्लं?"

"काही नाही. थोडंसं कैरीचं लोणचं."

मागून त्यांच्या नवऱ्याचा आवाज आला, "अर्धी बरणी!"

आई म्हणाली, "काकू, तुम्हाला नको, त्या बरणीला क्वारंटाइन करा!"

त्या दिवशी आई हसली. कितीतरी दिवसांनी. मी स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

*

हळूहळू बाहेर ढिलाई सुरू झाली आणि आमच्या जिन्यावर युद्ध पेटलं. गेट उघडायचं की नाही? माझं म्हणणं साधं होतं. सरकार उघडतंय, तर आपण कोण टिक्कोजीराव? तिसऱ्या मजल्यावरचे जोशी गुरुजी पंचांग घेऊनच बसले. "बुधवारी सकाळी सात ते साडेआठ उत्तम वेळ आहे."

वानखडे सर म्हणाले, "का? कोरोना बुधवारी रजेवर असतो?"

खालून गवई काका म्हणाले, "गुरुजी, गाडी मुहूर्तावर सुटत नसते. सिग्नलवर सुटते."

"मग सिग्नल केव्हा देणार ते तरी सांगा!" मी ओरडले.

"इंजिन दिसलं म्हंजे गाडी आली असं होत नाही, पोरी. शेवटचा डबा पायल्याबिगर लाइन मोकळी म्हणता येत नाही."

"काका, हा रोग आहे. मालगाडी नाही!"

"मालगाडीच हाय. लांब हाय."

मी दार आपटून घरात गेले. वरून जोशी गुरुजींचा आवाज आला, "मग पुढचा बुधवार पाहू का?"

*

आणि मग आईचा फोन आला. चौदा दिवसांची सुटी मिळाली. प्रवासाचा पासही झाला. परवा सकाळी दवाखान्याची गाडी अमरावतीला येणार होती, त्यात तिला जागा होती.

मी नाचतच सभेत सांगितलं.

आधी कुणीतरी खोकललं. मग देशमुख काकू चाचरत म्हणाल्या, "पल्लवी, राग नको मानू. कोरोना वॉर्डातून येणार ती. जिना एकच हाय आपला."

"रिपोर्ट निगेटिव्ह आहे तिचा!"

"तरी चौदा दिवस वेगळं ठेवा लागते, तिनंच सांगितलं न् आपल्याले. तुमच्याकडं बाथरूम एक. बाबांना दमा. ठेवशीन कुठं?"

उत्तर नसलं की माझा आवाज चढतो. "रोज तिला फुकटात तब्येत दाखवता! तेव्हा नाही भीती वाटली? ती फोनमध्ये असली की सिस्टर, आणि गेटवर आली की रोग?"

बाबा म्हणाले, "पल्लवी, बस."

सरांनी हात वर करायला सांगितले. आमचं घर सोडून नऊ फ्लॅट. चार म्हणाले येऊ द्या, चार म्हणाले नको. राहिले गवई काका.

"गवई, तुमचं मत?"

काकांनी मलाच विचारलं, "सिस्टर किती वाजता पोचून राहिल्या?"

"साडेआठला. काका, मत द्या ना!"

"परवा सकाळी सांगतो."

"परवा ती गेटवर उभी असेल! गाडीच्या टायमाशिवाय काही सुचतं की नाही तुम्हाला?"

काका शिट्टी खिशात टाकून आत गेले.

*

त्या सकाळी सात वाजता बेल वाजली. गवई काका.

"पंप पायजे होता."

मी बघतच राहिले. आजच? आजच सुचला यांना पंप! बाबांच्या कूलरमधून ओला पंप काढला, त्यांच्या हातावर ठेवला आणि थँक्यूसुद्धा म्हटलं नाही.

गाडी सव्वानऊला आली. मी आणि बाबा पहिल्या मजल्यावरच्या कठड्याशी. आई उतरली. अर्धी झाली होती. हातात एक पिशवी. गेटपाशी थांबून तिनं वर पाहिलं, पण आत पाऊल टाकलं नाही. इमारतीतल्या सगळ्या खिडक्या उघड्या.

गवई काकांनी गेटचं कुलूप काढलं. लांब सरकून उभे राहिले आणि हिरवा झेंडा दाखवला. मग त्याच झेंड्यानं एक नंबरच्या फ्लॅटकडे इशारा केला.

मी चार पायऱ्या उतरून वाकून पाहिलं. दार सताड उघडं होतं. फरशी पुसलेली. पलंगावर धुतलेली चादर. खिडकीत कूलर चालू, नवा वाळा लावलेला. त्याचा वास मला वरपर्यंत आला.

आणि पार्किंगमध्ये, टिनाच्या शेडखाली, काकांची ड्युटीवरची काळी लोखंडी पेटी. तिच्या बाजूला खाट, माठ आणि स्टोव्ह.

आई म्हणाली, "भाऊ, हे काय? तुम्ही या उन्हात..."

काकांनी घड्याळ पाहिलं. "पंचेचाळीस मिनिटं लेट हाय तुमी. आत चला आधी."

दुपारी बेचाळीसच्या वर पारा असताना देशमुख काकूंनी दोरीला बांधून दोन बरण्या खाली सोडल्या. एक पार्किंगमध्ये, दुसरी एक नंबरच्या खिडकीत. लोणच्याची.

संध्याकाळी सहाला सभा. सरांनी रजिस्टर उघडलं. मी पायरीवर बसले होते, कुणाच्याही डोळ्यांत न बघता.

"देशमुख कुसुम?"

"हजर."

"इंगळे पल्लवी?"

"हजर, सर."

सरांनी चष्मा पुसला. परत घातला.

"इंगळे सुनंदा?"

खालून, एक नंबरच्या खिडकीतून आवाज आला, "हजर, सर!"

सरांनी नावापुढं खूण केली. मग खिशातून पट्टी काढली आणि रजिस्टरच्या तळाशी पेन्सिलनं एक नवी ओळ आखली. सावकाश काहीतरी लिहिलं आणि कठड्यावरून वाकून मोठ्यानं हाक दिली,

"पार्किंग?"

शिट्टी वाजली.